गॅरेज रॉक : ओबडधोबड संगीताचे दीर्घायुष्य

अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या बँडचा आपल्या सन्मानयादीत समावेश केला. जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट या दोनच कलावंतांचा, डेट्रॉइट शहरात १९९७ मध्ये स्थापन झालेला हा बँड २०११ मध्ये विसर्जित झाला होता. ज्यांना हे नाव अपरिचित आहे, त्या वाचकांनीही त्यांची एक धून बहुधा ऐकलेली असेल. फुटबॉलच्या सामन्यांत हजारो प्रेक्षक शब्दांवाचून, एकसुरात जी सात स्वरांची ओळ आळवतात, ती त्यांच्या २००३ मधील ‘सेव्हन नेशन आर्मी’ या गाण्याची आहे. त्याच वर्षी बेल्जियममधील ब्रूज क्लबच्या समर्थकांनी मिलान येथील सामन्यात ती प्रथम उचलली आणि २००६ च्या विश्वचषक स्पर्धेत इटलीच्या समर्थकांनी ती जगभर पोहोचवली.

सात स्वर, एक गिटार आणि एक ढोल, एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले हे गाणे आकाशातून पडले नव्हते. त्यामागे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लहानमोठ्या शहरांत जन्मलेली एक परंपरा होती. तिला ‘गॅरेज रॉक’ म्हणतात. या संगीताला समीक्षकांनी अनेकदा कालबाह्य ठरवले आणि तितक्याच वेळा ते परतले. ज्या संगीताची ओळखच मुळी कौशल्याचा अभाव अशी करून दिली जाते, ते साठ वर्षे का टिकावे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. त्याला जोडून आणखी एक प्रश्न आहे व तो अधिक महत्त्वाचा वाटतो. असे संगीत परतते, तेव्हा त्याचा केवळ नाद परततो, की तो नाद ज्या परिस्थितीतून निर्माण झाला ती परिस्थितीही परतते?

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की तेलकट कपड्यांतील मेकॅनिक आणि दुरुस्तीसाठी आलेल्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. अमेरिकेतील मध्यमवर्गीय घराला लागून मोटार ठेवण्याची जी बंदिस्त खोली असते, ती म्हणजे हे गॅरेज. मोटार बाहेर काढली की तेथे चार-पाच मुले, ढोलसंच आणि ध्वनिवर्धक मावत असत आणि शेजाऱ्यांची तक्रार येईपर्यंत सराव चालत असे. अर्थात सर्वच बँड गॅरेजमध्ये सराव करीत नव्हते. कोणी तळघरात, कोणी शाळेच्या सभागृहात, तर कोणी घराच्या बैठकीत वाजवत असे. शिवाय त्या काळी या संगीताला गॅरेज रॉक असे कोणी म्हणतही नव्हते. हे नाव नंतरच्या पिढीने दिले.

या संगीताचा उगम समजण्यासाठी त्या काळातील काही भौतिक गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी १९६० च्या सुमारास किशोरवयात आली. तिच्या हातात थोडाफार खर्चापुरता पैसा होता आणि शाळेनंतरचा वेळ होता. ‘सिअर्स’ या टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीच्या सूचिपत्रात ‘सिल्व्हरटोन’ नावाची इलेक्ट्रिक गिटार सुमारे ६८ डॉलरला मिळत असे. तिची पेटी हाच तिचा ध्वनिवर्धक होता. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम ‘एड सलिव्हन शो’ मध्ये प्रसारित झाला, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिला. त्यानंतर देशभरात अक्षरशः हजारो मुलांनी बँड काढले. शाळांतील नृत्यसमारंभ, चर्चची सभागृहे आणि स्केटिंगच्या जागा येथे त्यांना वाजवण्याची संधी मिळे. गावातील एखादा लहान ध्वनिमुद्रण स्टुडिओ काही डॉलरांत तबकडी काढून देई आणि स्थानिक नभोवाणी केंद्राचा निवेदक ती वाजवीही. आपल्याच शाळेतील मुलाचा आवाज रेडिओवर ऐकू येणे ही त्या वयात लहान गोष्ट नव्हे.

या सर्व घटकांचा संगम ज्या एका गाण्यात झालेला दिसतो, त्याची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

‘लुई लुई’ हे गाणे लॉस एंजेलिस येथील कृष्णवर्णीय गायक रिचर्ड बेरी यांनी १९५५ मध्ये रचले आणि १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्याची लय एका लॅटिन अमेरिकी चा-चा-चा रचनेवरून सुचली होती. एक खलाशी आपल्या प्रेयसीच्या भेटीसाठी समुद्रमार्गे परतण्याविषयी बोलतो, एवढाच त्याचा आशय. गाण्याला माफक यश मिळाले. लवकरच लग्नाच्या खर्चासाठी बेरी यांनी त्याचे व अन्य काही गाण्यांचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले. पुढे वायव्य अमेरिकेतील टकोमा, सिॲटल आणि पोर्टलंड या शहरांत नृत्यसमारंभांत वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बँडने ते आपलेसे केले.

६ एप्रिल १९६३ रोजी पोर्टलंडमधील ‘द किंग्जमेन’ या तरुणांच्या बँडने ते ध्वनिमुद्रित केले. खर्च आला सुमारे ५० डॉलर. गायक जॅक एली यांच्यासाठीचा मायक्रोफोन इतका उंच टांगलेला होता, की त्यांना मान वर करून अक्षरशः ओरडावे लागले. त्यांच्या दातांना तारा लावलेल्या होत्या. परिणामी शब्द कोणालाच कळेनात. गिटारवादन संपल्यावर एली यांनी ओळ नियोजित वेळेआधीच सुरू केली, चूक ध्यानात येताच ते थांबले आणि ढोलवादकाने ती जागा भरून काढली. व्यावसायिक स्टुडिओत अशी मुद्रिका टाकून दिली गेली असती. येथे ती तशीच प्रसिद्ध झाली आणि वर्षअखेरीस ‘बिलबोर्ड’ च्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

शब्द कळत नसल्यामुळे ते अश्लील असले पाहिजेत, असा तर्क पालकांनी केला. इंडियाना राज्याच्या गव्हर्नरांनी १९६४ च्या आरंभी ते वाजवू नये असे आवाहन केले. तक्रारी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेल्या आणि ‘एफबीआय’ या केंद्रीय तपास संस्थेने चौकशी आरंभली. तिच्या प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या गतींवर फिरवून ऐकण्यात आली. कोणत्याही गतीवर शब्द आकलन होत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. मूळ गीत आधीच प्रकाशित व उपलब्ध होते, हा भाग निराळा. ज्यांच्या तोंडून ते शब्द बाहेर पडले होते त्या एली यांना मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही. ते गाणे गाजेपर्यंत बँडमधून बाहेरही पडले होते. ढोलवादकाने बँडच्या नावाचे हक्क आपल्याकडे असल्याचे सांगून गायकाची जागा घेतली होती आणि दूरचित्रवाणीवर तो एली यांच्या आवाजावर ओठ हलवत असे.

या गाण्यात केवळ तीन कॉर्ड आहेत. कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांचा मेळ. गिटार हाती घेतलेला मुलगा आठवड्याभरात ते वाजवू शकतो. मात्र ते वाजवताना अंगात यावी लागणारी ऊर्जा शिकवता येत नाही, आणि गॅरेज रॉकचे सारे आकर्षण या तफावतीत आहे.

टकोमा येथील ‘द सॉनिक्स’ या बँडने ही ऊर्जा टोकाला नेली. त्यांचा ‘हिअर आर द सॉनिक्स’ हा १९६५ मधील अल्बम आजही ऐकणाऱ्यास दचकवतो. गायक जेरी रोझली यांची किंकाळी आणि ढोलांचा दणका हे त्या काळच्या लोकप्रिय संगीतात अन्यत्र आढळत नाहीत. पुढच्या अल्बमच्या वेळी आवाज अधिक उघडा यावा म्हणून त्यांनी स्टुडिओच्या भिंतींवरील ध्वनिरोधक आच्छादन काढून टाकले, असे सांगितले जाते. मिशिगन राज्यात मेक्सिकन वंशाच्या स्थलांतरित शेतमजूर कुटुंबांतील मुलांनी काढलेल्या बँडचे ‘९६ टिअर्स’ हे गाणे ऑक्टोबर १९६६ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेले. त्या बँडच्या गायकाने स्वतःला ‘?’ हे नाव घेतले होते आणि बँडचे नाव होते ‘? अँड द मिस्टिरियन्स’. या लेखातील लिप्यंतराची गरज नसलेले हे एकमेव नाव. मुलींचे बँड संख्येने थोडे होते, पण होते. डेट्रॉइटमधील क्वाट्रो भगिनींचा ‘द प्लेझर सीकर्स’ त्यांपैकी एक, आणि त्यातील सूझी क्वाट्रो पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये तारका झाल्या.

या नादाचे तांत्रिक अंगही समजून घेण्यासारखे आहे. ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक जोराचा संकेत दिला, की ध्वनिलहरींचे शिखर कापले जाते. त्यामुळे मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे स्वर निर्माण होतात आणि एकच स्वर दाट, खरखरीत, दीर्घकाळ टिकणारा भासतो. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. लिंक रे या गिटारवादकाने १९५८ मध्ये ‘रंबल’ या धूनेसाठी ध्वनिवर्धकाच्या पडद्याला भोके पाडली. ‘द किंक्स’ या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये तोच पडदा ब्लेडने चिरला. १९६२ पासून हा परिणाम साधणारी ‘फझ-टोन’ ही पायाने चालू-बंद करायची पेटीही बाजारात आली होती. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ यांच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ ने ती लोकप्रिय केली आणि मग ती सर्वत्र दिसू लागली. या पेटीमुळे जेमतेम दोन बोटे चालवणाऱ्या वादकाच्या हातूनही भारदस्त आवाज निघू लागला. तिच्या जोडीला ‘व्हॉक्स’ किंवा ‘फारफिसा’ कंपनीचा, उचलून नेता येण्याजोगा ऑर्गन असे. त्याचा पातळ, किंचित नाकातला स्वर आज त्या काळाची खूणच झाला आहे.

हा बहर अल्पजीवी ठरला. १९६७ मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ प्रसिद्ध झाल्यावर रॉक संगीत स्टुडिओतील दीर्घ प्रयोगांकडे वळले. श्रोत्यांना अल्बम हवे होते आणि वादनातील प्रभुत्वाला मान मिळू लागला. दुसरीकडे व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती वाढत होती. शाळा संपलेल्या मुलांपुढे महाविद्यालय, नोकरी किंवा सैन्य असे पर्याय होते. एक सदस्य गेला की बँड मोडत असे. १९६८ पर्यंत त्यांतील बहुतेक नाहीसे झाले होते आणि त्यांच्या तबकड्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत काही सेंटना विकल्या जात होत्या.

विस्मृतीतून पुनर्जन्म

या संगीताला विस्मृतीतून बाहेर काढण्याचे श्रेय लेनी के यांच्याकडे जाते. न्यूयॉर्कमधील एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात काम करणारे हे संगीतलेखक पुढे गायिका पॅटी स्मिथ यांचे गिटारवादक म्हणून प्रसिद्ध झाले. ‘इलेक्ट्रा’ कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांच्या सूचनेवरून त्यांनी १९७२ मध्ये २७ गाण्यांचा ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संग्रह तयार केला. त्याची विक्री फार झाली नाही. मात्र ज्यांच्या हाती तो पडला, त्यांच्यापैकी अनेकांनी बँड काढले. संग्रहासोबतच्या टिपणात के यांनी या संगीताचा उल्लेख ‘पंक रॉक’ असा केला होता. हा शब्द रूढ होण्यापूर्वीच्या अगदी आरंभीच्या उल्लेखांपैकी तो आहे.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. या संगीताची स्तुती करताना इंग्रजी समीक्षक ‘रॉ’ हा शब्द सढळपणे वापरतात. मराठीत त्याला ‘कच्चे’ म्हटले, तर ती निंदा होते. आपल्याकडे कच्चा सूर ही उणीवच असते, कारण रियाज हे मूल्य आहे. ‘रांगडे’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळ जातो. त्यात जोम आहे, संस्काराचा अभाव आहे आणि तरी आपुलकी आहे. शाहिरी किंवा लावणीविषयी लिहिताना तो अगदी सहज येतो. गॅरेज रॉकचे चाहते नेमक्या याच गुणाच्या शोधात असतात.

‘नगेट्स’ पाठोपाठ संग्राहकांची एक पिढीच उभी राहिली. ‘पेबल्स’ आणि ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’ यांसारख्या संग्रहमालांनी कोणाच्या स्मरणातही नसलेली गाणी उजेडात आणली. ‘रामोन्स’ यांनी १९७६ मध्ये आपला पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलर एवढ्या किरकोळ खर्चात काढला, तेव्हा पंक चळवळीला तोंड फुटले. तिचे नाते गॅरेजशी होते, हे उघडच होते. ब्रिटनमध्ये चॅटम येथील चित्रकार-गायक बिली चाइल्डिश यांनी पुढे अनेक दशके साध्या उपकरणांवर असंख्य अल्बम काढले. डेट्रॉइटमध्ये १९८६ साली ‘द गोरीज’ हा तीन जणांचा बँड निघाला. त्यांच्यापैकी कोणालाही धड वाजवता येत नव्हते आणि बँडमध्ये बास गिटारच नव्हती. मोटार उद्योगाच्या ऱ्हासामुळे ओस पडत चाललेल्या या शहरात त्यांचे श्रोते मूठभरच होते. मात्र पुढे घरातील फर्निचरच्या गाद्या शिवण्याचे काम करणाऱ्या जॅक व्हाइट यांनी आपल्या बँडला बासचा आधार घेतला नाही, त्यामागे हाच वारसा होता.

मोठ्या प्रमाणावरील पुनरुज्जीवन २००१ च्या सुमारास घडले. न्यूयॉर्कच्या ‘द स्ट्रोक्स’ चा ‘इज धिस इट’ आणि व्हाइट स्ट्राइप्सचा ‘व्हाइट ब्लड सेल्स’ हे दोन्ही अल्बम त्या वर्षीचे. पोलाद कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या स्वीडनमधील फागेर्स्टा गावचा ‘द हाइव्हज’ आणि ऑस्ट्रेलियाचा ‘द व्हाइन्स’ त्यांच्या पाठोपाठ आले. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २००२ मध्ये मुखपृष्ठावरून रॉक संगीत परतल्याची द्वाही फिरवली. एप्रिल २००२ मध्ये गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट यांनी केवळ या परंपरेला वाहिलेला साप्ताहिक नभोवाणी कार्यक्रमही सुरू केला. त्या काळी लोकप्रिय संगीतावर अतिशय गुळगुळीत, संगणकावर घासूनपुसून तयार केलेल्या ध्वनीचा प्रभाव होता. श्रोत्यांना त्यापेक्षा निराळे काही हवे होते, हे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे.

पण ते पुरेसे नाही. व्हाइट स्ट्राइप्सने ‘एलिफंट’ हा अल्बम २००२ मध्ये लंडनच्या ‘टो रॅग’ स्टुडिओत आठ ट्रॅकच्या जुन्या टेप यंत्रावर मुद्रित केला आणि या कामात संगणकाचा वापर झालेला नाही, अशी नोंद अल्बमवर आवर्जून केली. स्ट्रोक्सचे गायक ज्युलियन कासाब्लांकास यांचा आवाज सरावासाठीच्या लहानशा ध्वनिवर्धकातून मुद्दाम खरखरीत करण्यात आला. किंग्जमेनना मायक्रोफोन उंच टांगलेला मिळाला होता. त्यांनी तो निवडला नव्हता. चाळीस वर्षांनंतरच्या कलावंतांसाठी तीच गैरसोय निवडीचा आणि काही प्रमाणात ऐपतीचा विषय झाली. कासाब्लांकास हे एका प्रसिद्ध मॉडेल संस्थेच्या संस्थापकाचे पुत्र. यावरून त्या बँडच्या प्रामाणिकपणाविषयी बराच वाद झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो वाद व्यर्थ होता. गाणी चांगली आहेत आणि ती ऐकताना वडिलांचा व्यवसाय आठवत नाही. मात्र त्या वादाच्या मुळाशी असलेली अस्वस्थता खोटी नव्हती. ज्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते त्यांच्या आवाजाची आता शैली बनली होती आणि तिला बाजारात भाव होता.

हा भाव मूळ कलावंतांपर्यंत कितपत पोहोचला, हेही पाहिले पाहिजे. रिचर्ड बेरी १९८० च्या दशकात आईच्या घरी राहून सरकारी साहाय्यावर गुजराण करीत होते. एका मद्यपेयाच्या जाहिरातीसाठी ‘लुई लुई’ हवे असलेल्या कंपनीला त्यांची स्वाक्षरी आवश्यक वाटली, तेव्हा कलावंतांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांमार्फत त्यांना हक्कांचा वाटा आणि मोठी रक्कम परत मिळाली. त्यांचे निधन १९९७ मध्ये झाले. किंग्जमेनना १९६८ च्या करारानुसार देय असलेला मोबदला तीस वर्षे मिळालाच नव्हता. त्यांनी दाखल केलेल्या खटल्याचा शेवट १९९८ मध्ये झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिपक्षाचे अपील ऐकण्यास नकार दिला आणि मूळ मुद्रिकांची मालकी त्यांच्याकडे परतली. मिस्टिरियन्सच्या मूळ मुद्रिका परक्या हाती होत्या, म्हणून १९९७ मध्ये त्यांनी तीच गाणी पुन्हा मुद्रित केली. सॉनिक्सना मात्र उशिरा का होईना, श्रोते लाभले. २००७ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये पुन्हा एकत्र रंगमंचावर आले आणि २०१५ मध्ये, पहिल्या अल्बमनंतर ५० वर्षांनी, त्यांनी नवा अल्बम काढला. त्यात ते वयानुसार शांत झाल्याची कोणतीही खूण नाही.

लिमा, इस्तंबूल आणि मुंबई

गॅरेज रॉक अमेरिकेपुरते मर्यादित राहिले नाही. पेरूची राजधानी लिमा येथे ‘लोस साइकोस’ या बँडने १९६५ मध्ये स्पॅनिश भाषेत जी गाणी काढली, ती पंकच्या दहा वर्षे आधीची पंक होत, असा दावा तेथे अभिमानाने केला जातो. जपानमध्ये ‘ग्रुप साउंड्स’ या नावाने, तर कंबोडियात ख्मेर भाषेत असे संगीत बहरले. कंबोडियातील त्या पिढीचे सिन सिसामुत आणि रोस सेरेइसोथिया यांसारखे कलावंत ख्मेर रूजच्या १९७५ नंतरच्या राजवटीत प्राणास मुकले. त्यांच्या ध्वनिफिती हेच त्यांचे स्मारक उरले.

भारतातही असा एक अध्याय घडला आणि तो आज फारसा कोणाला ठाऊक नाही. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या प्रचारासाठी ‘सिमला बीट’ ही अखिल भारतीय बँड स्पर्धा भरवली. १९७० आणि १९७१ मध्ये स्पर्धेतील निवडक बँडच्या दोन तबकड्याही निघाल्या. त्यांत शिलाँगचे ‘फेनटोन्स’, मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’, बंगळूरचे ‘डायनॉसॉर्स’ यांच्यासह मुंबई-कलकत्त्याचे बँडही होते. परदेशी गिटार आणि ध्वनिवर्धक मिळवणे तेव्हा दुरापास्त होते. आयातीवर निर्बंध होते आणि पाश्चात्त्य गाणी ऐकण्याचे मुख्य साधन रेडिओ सिलोन होते. या मुलांनी देशी बनावटीच्या गिटारी आणि स्थानिक तंत्रज्ञांकडून जुळवून घेतलेले ध्वनिवर्धक यांवर काम भागवले. तो नाद अमेरिकेतील गॅरेजशी जुळतो, याचे कारण केवळ अनुकरण नव्हे. साधनांची टंचाई दोन्हीकडे सारखीच होती. या दोन तबकड्या पुढे पाश्चात्त्य देशांतील संग्राहकांनी शोधून काढल्या आणि तेथे त्यांचे पुनर्प्रकाशन झाले. सिद्धार्थ भाटिया यांच्या ‘इंडिया सायकेडेलिक’ या २०१४ मधील पुस्तकात त्या पिढीचा वृत्तांत वाचावयास मिळतो.

याच सुमारास तुर्कस्तानात ‘हुर्रियत’ या दैनिकाने १९६५ पासून ‘सुवर्ण मायक्रोफोन’ ही स्पर्धा घेतली होती. तिची अट अशी होती की पाश्चात्त्य वाद्ये वापरावीत, पण गीत तुर्की असावे किंवा लोकगीताची नवी मांडणी असावी. त्या एका अटीतून ‘अनातोलियन रॉक’ नावाची संपूर्ण शाखा जन्मली आणि ती आजही जिवंत आहे. सिमला बीटमधील गाणी इंग्रजी होती आणि त्यांचा श्रोता महानगरांतील इंग्रजी शिकलेला वर्ग होता. गिरगाव किंवा सदाशिव पेठेतील मुलापर्यंत ती पोहोचण्याचे कारणच नव्हते. तबकड्यांवरील वादन कमी प्रतीचे नाही. काही ठिकाणी ते थरारक आहे. तरी त्या बँडमागे एखादी परंपरा उभी राहिली नाही, याची कारणे शोधताना स्पर्धेच्या या भाषेकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या मुलांना कोणी मराठी, तमिळ किंवा खासी गीताची अट घातली असती, तर काय निपजले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. ‘ॲपल’ कंपनीने जानेवारी २००४ मध्ये घरच्या संगणकावर संगीत तयार करण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि त्याला ‘गॅरेजबँड’ असे नाव दिले. त्याच्या साहाय्याने ढोल, बास, ऑर्गन आणि गिटार हे सारे एकटा माणूस रात्री कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्यांना कसलाही त्रास न देता तयार करू शकतो. खर्चाचा अडसर दूर झाला, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र किंग्जमेनच्या गाण्यात गायक चुकतो आणि ढोलवादक त्याला सावरून घेतो, हे घडण्यासाठी एका खोलीत एकाच वेळी दोन माणसे असावी लागतात. अशा खोल्या कमी होत आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात नवोदितांना रंगमंच देणाऱ्या सुमारे १२५ लहान संगीतगृहांनी दारे बंद केली अथवा संगीताचे कार्यक्रम थांबवले. स्थानिक निवेदकाच्या मर्जीने गावच्या मुलांची तबकडी वाजवणारी नभोवाणी केंद्रेही अमेरिकेत आता अपवादानेच उरली आहेत, कारण बहुतेक केंद्रे मोठ्या साखळ्यांच्या मालकीची झाली.

जेथे ही खोली कोणीतरी हेतुपुरस्सर उपलब्ध करून दिली, तेथील चित्र निराळे दिसते. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत आणि सरकारी अनुदान मिळणारी अभ्यासमंडळे बँडना सरावाच्या जागा व वाद्ये पुरवतात. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशातून एवढे बँड जगभर का जातात, याचे ते एक व्यावहारिक उत्तर मानले जाते. अलीकडे या अनुदानात कपात होऊ लागल्यामुळे तेथील संगीतक्षेत्रात चिंता व्यक्त होत आहे. आपल्याकडे मुंबई, पुणे आणि बंगळूर येथे घराला लागून मोटारीची खोली असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील बँड तासावर भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोल्यांत, चौघांत पैसे वाटून घेऊन वाजवतात. ईशान्य भारतात ही गरज बऱ्याच अंशी चर्चच्या सभागृहांनी आणि तेथील वाद्यांनी भागवली आहे. नागालँड सरकारने तर संगीतासाठी स्वतंत्र कृती दल स्थापन केले, आणि दर डिसेंबरमध्ये कोहिमाजवळ भरणाऱ्या हॉर्नबिल महोत्सवात बँडच्या स्पर्धेलाही स्थान मिळाले.